गवत कापणाऱ्या इंजिनाचा जोर कां उतरतो?

वडाळा आणि माटुंगा यांच्या सीमेवर मंचेरजी जोशी यांच्या नांवानें ओळखलीं जाणारीं पांच उद्यानें आहेत. तीं, आसपासचीं क्रीडांगणें आणि विद्यालयांचीं आवारें, एवढीच काय ती त्या बाजूची मोकळी हिरवळ. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिचें गवत किती झपाट्यानें वाढतें, हें तेथील रहिवाशांस सांगावयास नको. मैदान विस्तीर्ण असलें म्हणजे हातानें ढकलण्याचें यंत्र पुरें पडत नाहीं. मग छोट्या ट्रॅक्टरासारखें, माणसानें वर बसून चालवावयाचें यंत्र आणावें लागतें. इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें यंत्र माणसानें ढकलावयाचें होतें. पुढें मोठ्या यंत्रांना घोडे जुंपीत, आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटूं नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवीत! घोडा थकला तर तो थकला हें पाहणाऱ्यास दिसे. इंजिन थकलें म्हणजे मात्र पुष्कळदां दोष येतो तो माळ्याच्या माथीं; आणि माळी रोजंदारीचा असेल तर त्याची मजुरीही धोक्यांत येते. म्हणून इंजिनाचा जोर कां उतरतो, हें आज थोडें बारकाईनें पाहूं.

मुंबईंतला नेहमींचा प्रकार असा. जून महिन्यांत जमीन भिजून मऊ होते, जड यंत्राचीं चाकें रुततात, म्हणून यंत्र शेडमध्यें उभें राहतें. ऑक्टोबरांत तें बाहेर काढतात. सुरू होतें, मोकळ्यावर बरें चालतें, पण गुडघाभर गवतांत शिरतांच धापा टाकूं लागतें. अशा वेळीं हातांत पाना घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: इंजिन दुबळें झालें आहे, कीं त्याच्यावरचें ओझें वाढलें आहे?

याची परीक्षा सोपी आहे. पातीं फिरविणारा पट्टा मोकळा करावा आणि इंजिन पूर्ण वेगावर ठेवून यंत्र नुसतें चालवावें. तें आतां जोमानें चालूं लागलें, तर बहुधा दोष ओझ्याकडे आहे. पात्यांची धार गेलेली असते, त्यांच्या दांड्याला गवत व सुतळी गुंडाळलेली असते, किंवा पात्यांवरच्या झाकणाच्या आंत ओल्या गवताचा बोटभर थर वाळून बसलेला असतो. तो खरवडून काढला आणि पहिल्या खेपेस पातीं उंच ठेवून अर्धेंच गवत कापलें, कीं निम्म्या तक्रारी तेथेंच मिटतात. पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी मात्र किल्ली काढावी आणि स्पार्क प्लगवरची तार ओढून बाजूस ठेवावी. पातें हातानें फिरविलें तरी इंजिन क्षणभर पेट घेऊं शकतें, आणि तेवढ्यांत बोटें जातात.

पातीं मोकळीं असूनही जोर नसेल, तर मग इंजिनाकडे वळावें. त्याला हवा, इंधन आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. हवेचें काम लवकर उरकतें: गाळणी काढून झटकावी, फार मळली असेल तर बदलावी. गाळणी तुंबली म्हणजे इंजिन काळा धूर सोडतें.

इंधनाचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे, आणि माझ्या मतें खरा अपराधी बहुतेक वेळां येथेंच सांपडतो. पेट्रोल तीन-चार महिने टाकींत राहिलें कीं त्यांतला हलका भाग उडून जातो आणि मागें चिकट राळ राहते. ती कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत बसते. त्यांत आतां एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट भारतानें २०२५ सालीं गाठलें. परंतु अशा लहान इंजिनांचे अनेक निर्माते दहा टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉलांत प्राणवायु असतो, त्यामुळें ठराविक छिद्राच्या कार्ब्युरेटरांत मिश्रण पातळ होतें; शिवाय लिटरामागें त्याची उष्णता पेट्रोलाहून सुमारें एक-तृतीयांशानें कमी. आणि तें पाणी शोषतें! समुद्रकांठच्या दमट हवेंत अर्धी टाकी चार महिने उघड्या शेडमध्यें ठेवणें म्हणजे पाण्याला आमंत्रणच. पाणी पुरेसें जमलें कीं इथेनॉल त्याच्याबरोबर खालीं बसतें, आणि टाकीची नळी तर तळाशींच असते. थोडें इंधन काचेच्या बाटलींत काढून उजेडांत धरावें. तळाशीं निराळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

येथें एक युक्ति सांगतों. इंजिन धडपडत असतां चोक हळूंच थोडा ओढून पाहावा. जोर वाढला, तर इंधन कमी पडत आहे असें समजावें व गाळणी, नळी आणि कार्ब्युरेटर यांकडे पाहावें. जोर आणखीच उतरला आणि धूर काळा झाला, तर इंधन आधींच जास्त आहे. हवेच्या गाळणीकडे परत जावें.

कांहीं यंत्रें अर्धा तास उत्तम चालतात आणि मग ढेपाळतात. याचीं दोन कारणें सारखीच दिसतात. पहिलें, टाकीच्या झांकणांतलें हवेचें छिद्र बुजलेलें असणें: इंधन खालीं जातें, पण वरून हवा येत नाहीं. इंजिन बंद करून, तें थोडें निवल्यावर, झांकण सैल करावें; ‘सुस्’ असा आवाज आला आणि यंत्र पुन्हा धांवूं लागलें, तर चोर सांपडला. विडी मात्र त्या वेळीं दूर ठेवावी. झांकणानें फरक पडला नाहीं, तर ठिणगी देणारें कॉइल तापल्यावर हात टेकीत असेल. तें इंजिन गरम असतांनाच तपासावें लागतें, थंड झाल्यावर तें साळसूद दिसतें. प्लगही काढून पाहावा. टोंक तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर इंधन जास्त, पांढरें फटक असेल तर इंधन कमी. फट बहुधा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा यंत्राच्या पुस्तिकेंत मिळेल.

हीं इंजिनें हवेनें थंड होतात, म्हणून वरच्या जाळींत आणि सिलिंडरच्या पाखांत वाळलेलें गवत अडकलें कीं तीं तापून दमतात. हें साफ करावयास ब्रश पुरे. एवढें सारें करूनही जोर आला नाहीं, तर व्हॉल्वची फट किंवा सिलिंडरचा दाब मोजावा लागतो. तें काम कारागिराचें. हवा विरळ आहे ही सबब मात्र येथें चालणार नाहीं. महाबळेश्वर साडेतेराशें मीटर उंचीवर आहे, तेथें असें इंजिन सुमारें अष्टमांश जोर गमावील. वडाळा समुद्राच्या पातळीवर आहे.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरांत उरलेलें इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें मोकळ्या हवेंत चालूं द्यावें. बंद शेडमध्यें कधींही नाहीं. त्या धुरांतला विषारी वायु वासानें कळत नाहीं. काढलेलें जुनें पेट्रोल गटारांत ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत भरून, वर ‘जुनें’ असें लिहून, तें उन्हापासून आणि ज्वाळेपासून दूर ठेवावें.