मन आणि औषध (भाग ६) : गोळ्यांना दाद न देणारे नैराश्य

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या कशा काम करतात, ते मागच्या भागात पाहिले. या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी आज काय उपलब्ध आहे, ते या भागात पाहू.

अशा रुग्णांची संख्या थोडी नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात सुमारे ४,००० रुग्ण होते. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या औषधाने जेमतेम एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे पूर्ण गेली. दोन औषधे फसल्यावर तिसऱ्याने बरे होण्याचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास घसरले. म्हणूनच दोन वेगवेगळी औषधे योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टर वेगळ्या उपचारांचा विचार करतात. त्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. गोळ्या मध्येच सुटल्या होत्या का, थायरॉईड बिघडले आहे का, दारू चालू आहे का, आजार मुळात बायपोलर तर नाही? यातले एखादे कारण सापडले तर उपचाराची दिशाच बदलते.

या काळात घरचे लोक ‘मन खंबीर कर’ म्हणत राहतात आणि रुग्ण स्वतःलाच दोष देऊ लागतो. औषध लागू पडले नाही, यात त्याचा काहीही दोष नसतो.

नव्या उपचारांत सर्वाधिक चर्चा केटामाइनची आहे. १९७० पासून अमेरिकेत भूल देण्यासाठी मान्यता असलेले हे औषध २००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी नैराश्याच्या सात रुग्णांना अगदी कमी मात्रेत, शिरेतून दिले. जुन्या गोळ्यांना आठवडे लागतात, इथे तीन दिवसांत फरक दिसला. २००६ च्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात ७१ टक्के रुग्णांची लक्षणे २४ तासांत निम्म्याहून कमी झाली. आठवडाभर तो परिणाम टिकला तो मात्र ३५ टक्क्यांमध्येच. म्हणून हे औषध पुन्हापुन्हा द्यावे लागते.

त्याचाच भाऊबंद असलेल्या एस्केटामाइनच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हा फवारा घरी नेता येत नाही. दवाखान्यात घ्यायचा, किमान दोन तास तिथेच थांबायचे, रक्तदाब तपासून घ्यायचा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. कारण औषध घेतल्यावर काही काळ रुग्णाला आपण शरीरापासून सुटलो आहोत असे वाटते, रक्तदाबही चढतो.

दुसरा मार्ग चुंबकाचा, म्हणजे टीएमएसचा (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन). यात भूल नाही, चिरफाड नाही. रुग्ण कानात बोळे घालून खुर्चीत जागाच बसतो. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबकीय स्पंद सोडणारे वेटोळे टेकवून उजव्या हाताचा अंगठा किंचित उडेपर्यंत जोर वाढवतो. त्यावरून त्या व्यक्तीसाठी किती जोर पुरेल ते ठरते. मग वेटोळे पुढे, कपाळाच्या डाव्या भागाकडे सरकते आणि टकटक सुरू होते. कवटीवर टिचक्या बसल्यासारखे वाटते, काहींचे डोके दुखते. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावे लागते. पूर्वी एका बैठकीला ३७ मिनिटे लागत. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या अभ्यासात तीन मिनिटांची नवी पद्धतही तितकीच गुणकारी ठरली. रोज रजा काढून येणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. डोक्यात धातूची वस्तू बसवलेली असेल तर मात्र हा उपचार सहसा करत नाहीत. फिटचा त्रास असेल तरी डॉक्टरांना आधी सांगायला हवे.

आणि ‘शॉक’? १९३८ साली रोममध्ये सुरू झालेल्या या उपचाराला सिनेमांनी बदनाम केले. आज तो भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देऊनच करतात. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांच्याशिवाय शॉक देण्यावर बंदीच घातली आहे. रुग्णाने खाणेपिणे सोडले असेल, भ्रम होत असतील किंवा आत्महत्येचा धोका असेल, तेव्हा आजही डॉक्टर याच उपचाराकडे वळतात. स्मरणशक्तीवरचा परिणाम ही त्याची खरी अडचण आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेत भ्रम नसलेल्या रुग्णांमध्ये शॉक आणि शिरेतले केटामाइन यांची तुलना झाली. केटामाइनच्या गटात ५५ टक्के, तर शॉकच्या गटात ४१ टक्के रुग्णांना गुण आला. भ्रम असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, त्यामुळे हा निकाल सर्वांना सरसकट लावता येणार नाही.

दोन औषधे फसली असतील तर मानसोपचारतज्ज्ञाला थेट विचारावे : निदान पुन्हा तपासायचे का? माझ्यासाठी कोणता उपचार योग्य, तो किती दिवस चालेल, खर्च किती, आणि गुण आल्यावर तो टिकवायचा कसा? चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. बोलण्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

पुढच्या आठवड्यात : मशरूममधले सायलोसायबिन. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ते देण्याची परवानगी ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना का दिली?