रेसवाल्याचा अभ्यास

रेसवाला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. तोंडात विडी, खिशात चुरगळलेले पुस्तक, बायकोच्या पाटल्या सावकाराकडे आणि घरात उपाशी पोरे. चित्रपटांनी हे चित्र इतके घोटवले आहे की त्यात खरे किती हे पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. जुगाऱ्याची कहाणी तशी फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखले जाते. फाशांच्या नादाने घरदार गमावलेला माणूस त्यात स्वतःच आपली कैफियत मांडतो. महाभारताची तर सारी कथाच द्यूतामुळे वळण घेते. परंतु फासे टाकणारा आणि घोड्यावर पैसे लावणारा यांच्यात एक मोठा फरक आहे. फासे टाकणारा अभ्यास करीत नाही. रेसवाला करतो, आणि इतका करतो की आमच्या वर्गात परीक्षेच्या आदल्या महिन्यातही तेवढा कुणी करीत नसेल.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझे मामा रेसवाले आहेत. वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी, राहणे पुण्यात घोरपडीला. कारखान्यातली नोकरी संपल्यावर आता एका सोसायटीत रात्रपाळीचे रखवालदार आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, असे सगळे म्हणतात. पण आमच्या घराण्यात रोज रात्री दिव्याखाली बसून पेन्सिलीने खुणा करीत वाचणारा पहिला माणूस मी नव्हे, मामा. टक्केवारी मला शाळेत समजण्याआधी त्यांच्याकडून समजली. ‘तीनास एक भाव म्हंजे चारातली एक खेप, म्हंजे शंभरात पंचवीस,’ असे ते बोटांवर मोजून दाखवीत. इंग्रजीही ते रेसच्या पुस्तकातूनच शिकले. बँकेतला अर्ज त्यांना वाचता येत नाही, परंतु ‘मूव्ड फ्रीली’ आणि ‘पुश्ड’ यांतला फरक ते पाव तास समजावून सांगू शकतात.

तो फरक असा. शर्यतीचे घोडे रोज पहाटे मैदानावर सरावाला धावतात. त्यांच्या वेळा घड्याळ लावून टिपल्या जातात आणि छापून येतात. अमक्या घोड्याने शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत काढले, असे त्यात असते. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. घोडा आपखुशीने, मोकळा धावून ४० सेकंदांत आला की जॉकीने त्याला रेटत आणला, हे त्या पुढच्या दोन शब्दांत असते. रेटून आलेला घोडा शर्यतीच्या दिवशी आणखी काय देणार? मामा म्हणतात, आकडा सगळेच वाचतात, आकड्याच्या शेपटीकडे कुणी बघत नाही.

रेसवाल्याचा आठवडा शर्यतीच्या दिवशी सुरू होत नाही, तो तेव्हा संपतो. पुण्याचा मोसम पावसाळ्याचा, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. त्यानंतर घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात आणि तिथला मोसम एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात पुण्याच्या मैदानावर पडद्यावर मुंबईची शर्यत पाहून पैसे लावता येतात. आठवड्याच्या मध्यावर पुस्तक हाती येते. त्यात प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती, अंतर, वजन, जॉकी, ट्रेनर, कितवा आला आणि किती लांबीने हरला, सारे असते. बुधवारची रात्र वजनांची, गुरुवारची सरावाच्या वेळांची, असे मामांचे वेळापत्रक ठरलेले आहे. सोसायटीच्या फाटकात गाडी आली की पुस्तक खुर्चीखाली, गाडी गेली की पुन्हा मांडीवर.

वजनाची गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटते. चांगला घोडा नेहमीच जिंकू लागला तर शर्यतीत गंमत राहणार नाही. म्हणून बहुतेक शर्यतींत घोड्यांना त्यांच्या कामगिरीप्रमाणे गुण देतात आणि एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने वजन वाढवतात. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाचे पत्रे ठेवून ते वजन भरून काढतात. म्हणजे जिंकणाऱ्याच्या पाठीवर ओझे वाढत जाते आणि हरणाऱ्याचे उतरत जाते. हेतू असा की कागदावर सगळे घोडे एकाच क्षणी खांबापाशी पोहोचावेत. रेसवाल्याचे सारे काम मग एवढेच, की हा समतोल लावणाऱ्याची चूक कुठे झाली ते शोधायचे. मागच्या वेळी हा घोडा वळणावर अडकला म्हणून पाचवा आला, त्याचे गुण कमी झाले, आता त्याच्या पाठीवर तीन किलो कमी आहेत. जमीन ओली आहे, आणि याची आई चिखलात धावणारी होती. मागच्या वेळी झापडे नव्हती, आज आहेत. अशा पंधरावीस गोष्टी मनात घोळवून मामा एका नावाखाली रेघ ओढतात. याला अभ्यास नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले आहे. तामिळनाडू सरकारने शर्यतीवरील पैजा जुगारात जमा केल्या होत्या. ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि १२ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात निकाल दिला की घोड्यांच्या शर्यतीत यश हे मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तो केवळ नशिबाचा खेळ नव्हे. मामांना कलमे ठाऊक नाहीत, पण हा निकाल ठाऊक आहे. मामी काही बोलल्या की ते तो काढतात.

तरीही मामा हरतात. आणि माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. अभ्यास खरा असेल तर पैसे जातात कुठे?

त्यासाठी पैजेचे यंत्र कसे चालते ते पाहावे लागेल. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने एक पद्धत काढली. सर्वांनी लावलेले पैसे एका ठिकाणी जमा करायचे, त्यांतून चालकाचा वाटा काढायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. आपल्या मैदानांवर जो टोट असतो तो याच तत्त्वावर चालतो. समजा, एका शर्यतीवर १०,००० रुपये जमले आणि कर व खर्च मिळून २,५०० निघाले. उरले ७,५००. आता जिंकलेल्या घोड्यावर जर ५,००० रुपये लागलेले असतील, तर शंभर लावणाऱ्याला दीडशे मिळतील; त्याच घोड्यावर ५०० च लागलेले असतील तर दीड हजार. म्हणजे टोटवर भाव कोणी ठरवीत नाही, गर्दी ठरवते. बुकी फळ्यावर स्वतः भाव लावतो, पण तिथेही गोष्ट तीच. पाच घोड्यांच्या शर्यतीत त्याने एकास एक, दोनास एक, चारास एक आणि दोघांना नवास एक असे भाव लावले, तर मामांच्या पद्धतीने शंभरातले हिस्से होतात ५०, ३३, २०, १० आणि १०. बेरीज १२३. शंभराच्या वरचे तेवीस हे बुकीचे पोट.

आता लक्षात येईल की रेसवाला घोड्याविरुद्ध पैज लावत नाही. तो बाकीच्या सर्व रेसवाल्यांच्या मताविरुद्ध लावतो, आणि त्या बाकीच्यांनीही तेच पुस्तक रात्रभर वाचलेले असते. मामांना जे दिसते ते हजार जणांना दिसते, आणि ते दिसल्याबरोबर त्या घोड्याचा भाव उतरतो. घोडा ओळखणे ही एक विद्या आणि भाव ओळखणे ही दुसरी. पहिली मामांना येते. फेव्हरिट घोडा जगभर साधारण तीनांत एक शर्यत जिंकतो, म्हणजे गर्दीलाही घोडा बऱ्यापैकी ओळखता येतो. अवघड आहे ते गर्दीपेक्षा इतके जास्त ओळखणे, की चालकाचा आणि सरकारचा वाटा देऊनही काही उरावे. हाँगकाँगमध्ये बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने ते साधले, १९८० च्या दशकापासून, संगणकावर गणिती सूत्रे मांडून. म्हणजे न्यायालय म्हणते ते कौशल्य अस्तित्वात आहे. पण ते फाटकातल्या खुर्चीवर, पेन्सिलीने, पुरेसे पडत नाही.

शिवाय वाटा वाढतोच आहे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, शर्यतीच्या पैजेवर २८ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि हरलेले त्यातून वजा होत नाही. इतक्या कराने जुगार कमी होतो असे कुणाला वाटत असेल तर त्याने मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहावे. तिथे फोनवर पैज घेणारा बेकायदा बुकी कर लावत नाही, उधारीही देतो. नियमाने खेळणारा रेसवाला महाग पडून बुडतो आणि आडमार्गाने खेळणारा उधारीने. मामा टपरीवर चहा पितात, पैज लावत नाहीत. एवढे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

मामी दर रविवारी रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात दोन आकडे लिहितात, वरचा नेलेल्या पैशांचा, खालचा आणलेल्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ते खाली काढून माझ्यापुढे ठेवले. ‘तू अर्थशास्त्र शिकतोस न्हवं? मग सांग, हे शहाणे की येडे?’ मी बेरीज केली. सोळा रविवार, दर वेळी सहाशे रुपये, शंभराच्या सहा पैजा. नेले ९,६००, आणले ६,१४०. मामांना सर्व शर्यती तोंडपाठ असल्याने किती पैजा लागल्या तेही त्यांनी सांगितले: ९६ पैकी २७. शंभरात अठ्ठावीस. माझ्या मते हा वाईट निकाल नाही. पण प्रत्येक लागलेल्या पैजेने सरासरी २२७ रुपये दिले, आणि नुसते बरोबरीत सुटायला ३५६ लागले असते. मधले १२९ रुपये मामांच्या अज्ञानाचे नाहीत. त्यांतले बरेचसे कराचे, चालकाचे आणि गर्दीने आधीच उतरवलेल्या भावाचे आहेत. मामींना मी तेच सांगितले. त्या म्हणाल्या, ‘म्हंजे शहाणे, पण घरी ३,४६० कमी.’ ही रक्कम त्यांच्या घराच्या महिन्याच्या किराण्याएवढी आहे.

थोडा दोष मात्र मामांचाही आहे, आणि तो त्यांच्या अभ्यासात नाही, दिवसाच्या शेवटी आहे. मी अठरा पूर्ण झाल्यावर एकदा त्यांच्याबरोबर मैदानावर गेलो होतो. एम्प्रेस गार्डनच्या शेजारची ती हिरवीगार जागा पाहून प्रथम कुणालाही प्रसन्नच वाटेल. चौथ्या शर्यतीपर्यंत मामा प्रत्येक वेळी पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन घोड्याचे कान, घाम, चाल पाहून येत होते. शेवटच्या शर्यतीला ते गेले नाहीत. तीनशे रुपये गेलेले होते. त्यांनी पुस्तकात रेघ ओढलेल्या घोड्याऐवजी वीसास एक भावाचा एक घोडा घेतला. असे का करतात यावर मानसशास्त्रज्ञांनी लिहिले आहे. ग्रिफिथ याने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवले, की लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि मॅक्ग्लॉथलिन याने १९५६ मध्ये दाखवले की दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत हा कल अधिक वाढतो. आठवडाभर डोके चालवणारा माणूस शेवटच्या दहा मिनिटांत फक्त नुकसान भरून काढायला बघतो. अभ्यास तोच, माणूस तोच, पण रिकाम्या हाताने मामींसमोर जायचे नाही ही एक गोष्ट मधे येते.

मामांना मी विचारले होते, इतके कळते तर सोडत का नाही? त्यांनी मला १९७७ च्या इंडियन डर्बीच्या विजेत्याची गोष्ट सांगितली. स्क्वाँडरर नाव त्याचे, म्हणजे उधळ्या, आणि हा उधळ्या एकोणीस शर्यतींपैकी अठरा जिंकला. मामा तेव्हा पोरगेलेसे होते, त्यांनी ती शर्यत पाहिली नाही, पण तिचे वळणन् वळण ते सांगतात. कारखान्यात तीस वर्षांत त्यांचे मत कुणी विचारले नाही, सोसायटीत तर नावही कुणी विचारत नाही. पॅडॉकच्या कठड्यापाशी मात्र सूटबूटवालाही मामांकडे वळून विचारतो, ‘काका, काय वाटतं?’ हे मी स्वतः पाहिले आहे. या सुखाची किंमत ३,४६० रुपये जास्त की कमी, हे अर्थशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसते ते आमच्या प्राध्यापकांनी सांगावे.

हिशेबाचा कागद मी मामांनाही दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग कालनिर्णय भिंतीवरून पुन्हा काढायला लावला. गणपतीतल्या रविवारी आपण ५४० रुपये आणले होते आणि मामींनी ४५० लिहिले आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की ५४० जिंकले असतील, घरी ४५० च आले.