प्रवाळ जलजीवालय

जिवंत प्रवाळ (पोवळी) व त्यांच्या सहवासातील सागरी जीव ज्या काचपात्रात पाळतात, त्यास प्रवाळ जलजीवालय म्हणतात. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक व हवेचे बुडबुडे यांवर आधारलेली नैसर्गिक पद्धत प्रसिद्ध केली.

घरी असे पात्र उभारताना क्षाररहित पाण्यात सागरी लवणमिश्रण विरघळवून लवणता हजारी ३५ भाग व तापमान सु. २५° से. ठेवतात. सच्छिद्र खडकांवरील सूक्ष्मजंतू विषारी अमोनियाचे नायट्राइटात व पुढे नायट्रेटात रूपांतर करतात. हे चक्र स्थिरावण्यास सु. ४ ते ६ आठवडे लागतात. तत्पूर्वी सोडलेले प्राणी बहुधा दगावतात.

नव्या पात्रात प्रथम करंडक वनस्पतींचा तपकिरी थर व नंतर तंतुमय हिरवी शैवले दिसतात. प्रवाळांच्या ऊतकांतील एककोशिक शैवले त्यांना प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरवितात; म्हणून तीव्र प्रकाश आवश्यक असतो. मात्र नायट्रेट व फॉस्फेट साचल्यास त्याच प्रकाशात खडकांवरील शैवले फोफावून प्रवाळांस झाकून टाकतात. त्यामुळे प्रकाश घटविण्यापेक्षा पोषकद्रव्ये घटविणे हाच खरा उपाय होय. त्यासाठी मोजके खाद्य देणे, ठराविक काळाने काही पाणी बदलणे, फेसावाटे सेंद्रिय द्रव्ये काढणे व शैवलभक्षी गोगलगाई पाळणे उपयुक्त ठरते. ताम्रयुक्त शैवलनाशके अपृष्ठवंशी प्राण्यांस घातक असल्याने वर्ज्य होत.

भारतातील शैलभित्ती बांधणारे प्रवाळ वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे.