पंखाच्या काखेतला वारा

विमान बघायला गेलेला माणूस आधी नाक बघतो, मग शेपूट. माझी नजर गेली कित्येक वर्षं एकाच ठिकाणी अडकते: पंख धडाला मिळतो त्या काखेत. तिथे बसवलेलं वळणदार कवच किंवा पट्टी म्हणजे विंग रूट फेअरिंग. घरी बांधलेल्या विमानांत हा भाग हमखास सगळ्यात शेवटी होतो. सांगाडा उभा असतो, इंजिन एकदा गुरगुरून झालेलं असतं, घरच्यांचा संयम संपत आलेला असतो, आणि बांधणारा म्हणतो, आता काय, नुसतं झाकण तर राहिलंय!

घरी विमान बांधतात हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी उभं केलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आहे. अमेरिकेत या हौसेचा पसारा फार मोठा. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन यांच्या 'आरव्ही' मालिकेची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरच्या गॅरेजात जुळवून उडवली. या 'झाकणा'चं खरं मोल कळायला मात्र १९३० सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं.

२१ जुलै १९३०. फ्रान्समधल्या ल तुकेहून लंडनच्या क्रॉयडन विमानतळाकडे निघालेलं युंकर्स एफ-१३ केंटमधल्या मेओफम गावावर ढगात शिरलं आणि हवेतच फुटलं. सहाही जण गेले. प्रवाशांत एक मार्क्विस, एक व्हायकाउंटेस, एक सर; म्हणजे वर्तमानपत्रं गप्प बसणं शक्यच नव्हतं. मेलेली माणसं एवढी बडी नसती तर चौकशी इतकी खोल गेली असती का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. विमानही साधंसुधं नव्हतं. एफ-१३ हे १९१९ पासून जगभर उडणारं, सगळं धातूचं, खाली पंख असलेलं प्रवासी विमान. ते असं तुटतं म्हणजे काय?

ब्रिटिश तज्ज्ञांनी दोष शेपटीवर ठेवला. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा: ढगातल्या जोरदार उभ्या झोताने पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन एकदम वाढला, पंखाच्या मुळाशी प्रवाह फाटला आणि त्या भोवऱ्यांनी मागच्या आडव्या शेपटीला झोडपून काढलं. वैमानिक ज्याला बफेटिंग म्हणतात, ते हेच. जर्मनांना हे जिव्हारी लागणं साहजिक होतं, विमान त्यांचं! बर्लिनच्या डीव्हीएल संस्थेने इंग्रजांच्या अहवालावर न थांबता स्वतःच्या चाचण्या केल्या. ब्लेंक, हेर्टेल आणि थालाउ या तिघांच्या नावावर वेगळा अहवाल निघाला. अमेरिकेच्या एनएसीएने, म्हणजे नासाच्या पूर्वज संस्थेने, तो लगेच इंग्रजीत छापला. दोन देशांचे पंडित एका काखेवरून कागदोपत्री भिडलेले बघण्यात एक वेगळीच मौज आहे.

काखेत वारा बिघडतो तो का? पंखाच्या पाठीवरून मागे जाताना हवेचा वेग कमी होत जातो आणि दाब वाढतो. चढत्या दाबाविरुद्ध जायचं तर हवेत दम लागतो. पृष्ठभागाला घासून आलेला थर आधीच थकलेला असतो, आणि कोपऱ्यात तर पंखाचा थकलेला थर आणि धडाचा थकलेला थर एकत्र येतात. त्यात धड गोल असलं आणि पंख खालून जोडलेला असला, की दोघांमधली जागा मागच्या कडेकडे रुंदावत जाते. हवेला आणखी पसरावं लागतं. ती तेवढं पसरू शकत नाही, सुटते. म्हणून फेअरिंगचं वळण पुढे लहान आणि मागे मोठं होत गेलेलं असतं: रुंदावणारी ती जागा ते भरून काढतं. धडाची बाजू सपाट असून पंखाशी काटकोन करत असेल तर दुखणं बरंच सौम्य. आरव्ही विमानांचं काम अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्या कडेची रबरी झालर यांवर भागतं, ते त्यामुळेच.

माझ्या हाती लागलेला सगळ्यात चविष्ट कागद म्हणजे एनएसीएचा अहवाल क्रमांक ४८२. लेखक जेम्स व्हाइट आणि मॅन्ली हूड. व्हर्जिनियात लँगलीला १९३१ मध्ये ३० बाय ६० फुटांचा वातबोगदा सुरू झाला होता. त्यात प्रतिकृती कशाला, आख्खं विमान बसवता येई. या दोघांनी बसवलेलं विमान होतं 'डूडलबग'. ते बांधणारा तरुण, जेम्स मॅकडॉनेल, १९२९ च्या गुगेनहाइम सुरक्षित विमान स्पर्धेत त्यावरच भिस्त ठेवून उतरला होता. एक लाख डॉलरचं बक्षीस कर्टिस कंपनीच्या टॅनेजरने नेलं. डूडलबग कुणी विकत घेईना, कारण मंदीही तोवर येऊन ठेपली होती. शेवटी ते एनएसीएकडे गेलं. ज्याला बाजारात गिऱ्हाइक मिळालं नाही ते विमान बोगद्यात मात्र आदर्श रोगी ठरलं: पंख खाली, इंजिन उघडं, शेपूट थरथरणारी.

व्हाइट आणि हूड यांनी त्याच्यावर इलाज करून पाहिले. काखेत लहानमोठी फिलेट, म्हणजे कोपरा भरणारी वळणदार फेअरिंग, बसवली, इंजिनावर एनएसीएचं झाकण चढवलं, पंखाची मागची कड वर वळवली, छोटे मदतनीस पंख लावले. सगळ्यांत सरस ठरली मोठं फिलेट आणि इंजिनझाकण ही जोडी. शेपटीची थरथर एक चतुर्थांशावर आली, जास्तीत जास्त उचल ११ टक्क्यांनी वाढली, कमीत कमी रोध ९ टक्क्यांनी घटला. हे ९ टक्के अनेक हौशी बांधणाऱ्यांच्या तोंडी असतात, पण एकट्या फिलेटच्या नावावर. जोडीदार विसरला जातो! शिवाय मूळ विमानाचं ताराकृती इंजिन उघडंच होतं, हेही विसरतात. आधीच नीट झाकलेल्या, सपाट बाजूंच्या आरव्हीवर नवं फेअरिंग चढवून कुणी ९ टक्क्यांची वाट पाहत असेल तर त्याने वाट पाहत राहावं.

या कोपऱ्याची किंमत ओळखणारा घरगुती बांधणारा कोण, असं विचाराल तर मी कॅलिफोर्नियाच्या माइक अर्नोल्डचं नाव घेईन. फोम आणि फायबरग्लासमधून त्याने एकट्यापुरतं 'एआर-५' घडवलं. १९९२ मध्ये ६५ अश्वशक्तीच्या रोटॅक्सवर ते ताशी २१३ मैल धावलं आणि ३०० किलोंखालच्या गटात विक्रम झाला. इंजिन स्नोमोबाइलच्या घराण्यातलं, टू-स्ट्रोक. सगळी करामत आकाराची आणि सांध्यांची.

आता जुनं फेअरिंग बदलायचं तर काय करावं लागतं? स्क्रूच्या भोकांशी तडे गेलेले असतात, भोकं लांबुळकी झालेली असतात, रंगाखाली पुट्टीचे थर निघतात. जुनं कवच उतरलं की घाई करू नये. पंखाचे मुख्य बोल्ट, इंधनाची नळी, वेगमापकाची नळी, वायरी अशा एरवी न दिसणाऱ्या गोष्टी तपासायची हीच संधी. मग धडावर आणि पंखावर चिकटपट्टी लावून मेण चोळायचं, फोम आणि मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड) मिसळलेल्या इपॉक्सीने वळण घडवायचं, त्यावर ४५ अंशांत कापलेलं काचकापड दोन-तीन थरांत बसवायचं. तिरकं कापलेलं कापड दुहेरी वळणावर सुरकुती न पडता बसतं. घट्ट झालं की कवच उचकटायचं, कडा छाटायच्या, नटप्लेटांवर स्क्रू बसवायचे. एक कड मात्र सरकती ठेवायची. हवेत पंख वाकतो; दोन्ही बाजू जखडल्या तर भार कवचावर येतो आणि पुन्हा तेच तडे जातात.

पहिल्या उड्डाणात बहुतेकजण वेग बघतात. मला त्याचं नवल वाटतं. मेओफमला जे घडलं ते मोठ्या कोनावर, पंख प्रवाह सोडू लागल्यावर. तेव्हा काखेत लोकरीचे धागे चिकटवावेत, कॅमेरा लावावा आणि भरपूर उंचीवर जाऊन विमान हळूहळू स्टॉलकडे, म्हणजे पंखाची उचल कोसळते त्या टोकाकडे, न्यावं. धागे कधी उलटे फिरू लागतात, दांड्यात थरथर किती आधी येते, स्टॉलचा वेग जुन्या नोंदीपेक्षा सरकला का, हे लिहून ठेवावं. वाईट घडवलेलं फिलेट नसलेल्यापेक्षा वाईट निघू शकतं, आणि ते जमिनीवर बघून कळत नाही. खाली उतरल्यावर वजनाचा कागदही नवा करायचा असतो, कारण पुट्टी कुणीच मोजून लावत नाही.