ऐच्छिक देणगीवर चालणारी संस्था

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी १९६९ मध्ये कार्यरत झाला. प्रारंभी त्याचा भर लोकसंख्याविषयक कार्यक्रमांवर आणि कुटुंबनियोजनावर होता. परंतु जौनपूर येथे जन्मलेल्या पाकिस्तानी डॉक्टर नफीस सादिक कार्यकारी संचालक असताना, १९९४ च्या कैरो परिषदेने आकड्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य व तिचा निर्णयाधिकार केंद्रस्थानी आणला आणि संस्थेचे कामही त्याच दिशेने वळले. निधीला सदस्य राष्ट्रांकडून सक्तीची वर्गणी मिळत नाही. सरकारे स्वेच्छेने देतील त्या रकमेवर त्याचा कारभार चालतो आणि त्याच्या अस्थैर्याचे मूळ याच रचनेत आहे.

अमेरिकेतील १९८५ ची केम्प-कास्टन दुरुस्ती, म्हणजे सक्तीच्या गर्भपाताच्या वा नसबंदीच्या कार्यक्रमाला साहाय्य करणाऱ्या संस्थेस सरकारी पैसा देऊ नये अशी तरतूद, चीनमधील कामाचा हवाला देऊन या निधीविरुद्ध वारंवार वापरली गेली. २००२ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानेच पाठवलेल्या पथकाला तसा पुरावा आढळला नाही, तरीही ३ कोटी ४० लाख डॉलर रोखले गेले. सत्तांतरानुसार ही मदत पुढेही सुरू होत आणि थांबत राहिली. २०२५ मध्ये सुमारे ३७ कोटी ७० लाख डॉलरची अनुदाने रद्द झाल्याचे संस्थेने कळवले.

कपातीचा परिणाम सर्व सेवांवर सारखा होत नाही. स्वच्छ प्रसूतीच्या संचातील साबण, प्लॅस्टिकची चादर, नाळ कापण्याचे पाते आणि ती बांधण्याचा दोरा हे साहित्य गोदामात काही काळ टिकते. प्रशिक्षित प्रसाविकेचा पगार थांबला की केंद्र बंद पडते. बलात्कारानंतरच्या उपचारांत एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत द्यावी लागत असल्याने, पुढील वर्षी पूर्ववत झालेल्या अनुदानाचा आजच्या पीडितेला उपयोग नसतो.

अफगाणिस्तानात ही हानी सर्वांत खोल जाते. तेथे स्त्रीला दूरच्या प्रवासासाठी महरम, म्हणजे निकटचा पुरुष नातेवाईक, सोबत लागतो. त्यामुळे दुर्गम गावांतील निधीच्या आधारावर चालणारे कुटुंब आरोग्य केंद्र हेच अनेकींना गाठता येणारे एकमेव ठिकाण असते. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींचे वैद्यकीय प्रशिक्षण, प्रसाविकांच्या अभ्यासक्रमासह, बंद केले. रोखलेला पैसा पुन्हा देता येईल. मात्र दरम्यान काम सोडून गेलेल्या प्रसाविकेची जागा घेणारी दुसरी तेथे आता तयारच होत नाही.