थंड हवेचा प्रवास आणि मुलांचे कपडे

खानदेशच्या माणसानें थंडीवर व्याख्यान द्यावें, हें कित्येकांस विनोदाचें वाटेल. जळगांव किंवा धुळें म्हटलें कीं लोकांस आठवतो तो आमचा वैशाखांतला उन्हाळा. परंतु आमचा हिवाळाहि कांहीं सौम्य नसतो. पौष-माघांत कित्येक रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं उतरतो आणि रावेर-यावलकडील बागाईतदार केळीच्या घडांना पिशव्या चढवून बागेच्या कडेनें धूर करतात. केळ ही उष्ण प्रदेशाची. तिला गारठा सोसत नाहीं, हें आपण जाणतों. मग उष्ण प्रदेशांतच वाढलेलें दोन-तीन वर्षांचें मूल घेऊन थंड हवेच्या ठिकाणीं जातांना त्याची काळजी कशी घ्यावी, याचाहि विचार आपण निघण्यापूर्वींच करावयास हवा.

हल्लीं सुटी लागली कीं आमच्याकडील कुटुंबें पहाडाकडे निघतात. जवळचें ठिकाण म्हणजे सातपुड्यांतील तोरणमाळ. तें १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होतें, आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे. लांब जावयाचें असल्यास १९१२ पासून धावणारी पंजाब मेल जळगांव-भुसावळवरून उत्तरेस नेते आणि तेथून सिमला, मनाली, काश्मीर अशा वाटा फुटतात. जळगांव समुद्रसपाटीपासून सुमारें २०० मीटर उंच आहे, तर सिमला सुमारें २२०० मीटर. हजार मीटर वर चढलें कीं हवा सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीमुळेंच १३ अंशांचा फरक पडला. मनालीवरची रोहतांगची खिंड तर ३९७८ मीटरांवर आहे. तेथें मे महिन्यांतहि बर्फ असतें. अडचण अशी कीं, मे महिन्यांत घामाघूम होऊन सामान बांधणाऱ्या गृहिणीस लोकरीचा कपडा हातांत धरवत नाहीं आणि नेमका तोच घरीं राहतो. बाजारांतहि त्या दिवसांत तो मिळत नाहीं. म्हणून तिबेटी विक्रेते हिवाळ्यांत शहरोशहरीं स्वेटरांचीं दुकानें मांडतात, तेव्हांच पुढील उन्हाळ्याची खरेदी उरकावी आणि वाढत्या अंगाचा अंदाज धरून माप थोडें मोठें घ्यावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. लोकर गरम असते, असें आपण म्हणतों. तें खरें नव्हे. बर्फ विकणारा आपली लादी गोणपाटांत व लाकडाच्या भुशांत ठेवतो, ती कांहीं बर्फास ऊब यावी म्हणून नव्हे. बाहेरची उष्णता आंत जाऊं नये, यासाठीं तो तसें करतो. तेंच गोणपाट माणसाच्या अंगावर घातलें, तर आंतली उष्णता बाहेर जाणार नाहीं. हें काम कापडापेक्षांहि त्याच्या धाग्यांत अडकून पडलेली स्थिर हवा करते. ऊब मुलाच्या अंगांतलीच असते. कपड्यानें ती राखावयाची, एवढेंच. म्हणून एका जाड, घट्ट स्वेटरापेक्षां दोन पातळ व सैल स्वेटर अधिक उपयोगी. त्या दोहोंच्या मध्येंहि हवेचा एक थर राहतो. आणि सर्वांवर वारा व पाणी अडविणारें एक आवरण असावें, कारण वारा शिरला कीं ही सांठविलेली हवा निघून जाते.

या हवेचा दुसरा शत्रु ओलावा. पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें. आपला खानदेश कापसाचा मुलूख. सुती कापडाचा मला अभिमान आहे. कोरड्या थंडीस, उदाहरणार्थ तोरणमाळावर, सुती बंडीवर स्वेटर पुरेसा होतो. परंतु सुती कपडा घामानें किंवा बर्फानें भिजला कीं अंगास चिकटतो, लवकर वाळत नाहीं आणि उलट अंगांतली ऊब शोषून घेतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प पोटांत घेऊनहि ओली लागत नाहीं. आमचे धनगर पावसाच्या झडींत घोंगडी पांघरून मेंढरांमागें दिवसभर हिंडतात, त्याचें मर्म हेंच आहे. तेव्हां बर्फाच्या प्रदेशांत मुलाच्या अंगालगतचा कपडा पातळ लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानानें त्याच्या अंगाचा पृष्ठभाग अधिक असतो, म्हणून तें लवकर निवतें. तान्ह्या मुलाचें डोकें त्याच्या एकंदर पृष्ठभागाचा जवळजवळ पांचवा हिस्सा असतें. म्हणून बाहेर पडतांना त्यास टोपी हवीच. फार लहान मुलास मोठ्यांप्रमाणें हुडहुडी भरत नाहीं आणि थंडी वाजते, हें सांगतांहि येत नाहीं. बाप मुलास कडेवर घेऊन चढण चढतो, त्याला घाम येतो आणि तो म्हणतो, “कांहीं फारशी थंडी नाहीं.” परंतु कडेवरचें मूल निश्चल बसलेलें असतें, चालण्यानें येणारी ऊब त्यास मिळत नाहीं. आपल्या अंगावरून मुलाची थंडी मोजूं नये. बसून राहणाऱ्या मुलास आपल्याहून एक थर अधिक घालावा आणि धांवूं लागतांच तो काढावा. हातपाय गार लागणें स्वाभाविक असतें. खरी परीक्षा मानेच्या मागें किंवा छातीवर हात ठेवून करावी. तेथें घाम असल्यास कपडे अधिक झाले. तेथें गार लागलें, तर मुलास तत्काळ आडोशास न्यावें, ओलें उतरवून कोरडें घालावें आणि पोटाशीं धरावें. रडणारें मूल एकाएकीं गप्प व सुस्त झालें, तर तें शहाणें झालें असें समजूं नये, डॉक्टर गांठावा.

सामान बांधतांना प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कोरडा जोड, पायमोज्यांसह, निराळ्या पिशवींत घालून ती आपल्या हातीं ठेवावी. मोटारीच्या टपावर बांधलेला कपडा वेळेवर उपयोगी पडत नाहीं. पायमोजे व हातमोजे तिप्पट घ्यावे, कारण भिजतात तेच. बूट किंचित् सैल असावे. घट्ट बुटांत रक्त फिरत नाहीं आणि बोटें गारठतात. लोंबत्या मफलरापेक्षां माकडटोपी बरी. मफलराचें टोंक कशांत अडकलें, तर गळ्यास फांस बसण्याचें भय असतें. रोहतांगच्या वाटेवर कोट व गमबूट भाड्यानें मिळतात, परंतु ते आंतून कोरडे आहेत कीं नाहीं, तें हात घालून पाहावें. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानें डोळे पोळतात. मुलांसहि काळा चष्मा हवा.

आतां तीन गोष्टी निक्षून सांगतों. पहिली, दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलींत ठेवून कधींहि झोंपूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेलें कुटुंब जागें होत नाहीं. शेकोटी शेकावयाची ती उघड्यावर आणि निजण्यापूर्वीं. दुसरी, थंडी जावी म्हणून मुलास ब्रँडीचा थेंबहि देऊं नये. तिनें कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब भासते आणि अंगांतली खरी उष्णता बाहेर पडते. तिसरी, तान्ह्या मुलास निजवितांना त्याच्या तोंडावर दुलई येऊं देऊं नये व डोक्यावर टोपीहि ठेवूं नये. त्याचा श्वास कोंडूं शकतो, किंवा अंग अति तापतें.

परतीच्या प्रवासांत गाडी सातपुडा ओलांडून खालीं उतरली कीं एकेक थर काढीत यावें. खानदेशच्या हवेंत माकडटोपी घालून बसविलेलें मूलहि कष्टीच होतें. घरीं आल्यावर लोकरीचे कपडे कोमट पाण्यांत हलक्या हातानें धुवून, सावलींत पूर्ण वाळवून, कडुनिंबाचीं वाळलीं पानें घालून ठेवावे. मात्र पेटी बंद करण्यापूर्वीं कोणता कपडा कोणास तोकडा झाला, त्याची चिठ्ठी वर ठेवावी. हिवाळ्यांत खरेदीस निघतांना ती हाताशीं असावी.