२.३०३ आणि ०.६९३ : रसायनशास्त्रातले हे आकडे येतात कुठून?

बारावी सायन्सच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे दोन आकडे सांगेल. फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेच्या सूत्रात २.३०३ असतो, अर्धायुष्याच्या सूत्रात ०.६९३. रसायनशास्त्रात ते पाठ करून घेतले जातात, पण त्यांचं घर गणितात आहे.

आलेख कागदावर 'य = १० चा क्ष घात' हा वक्र काढा. क्ष शून्य असताना उंची १, क्ष १ असताना १०, क्ष उणे १ असताना ०.१. डावीकडे वक्र आडव्या अक्षाच्या जवळ जात राहतो, टेकत मात्र कधीच नाही. उजवीकडे दोन घरं गेलात तर उंची १०० होते आणि कागद संपतो.

आता क्ष = ० पाशी या वक्राचा चढ किती? उजवीकडे ०.००१ इतकं सरका. उंची १ वरून साधारण १.००२३०५ होते. वाढ भागिले पाऊल केलं की २.३०५ मिळतात. पाऊल आणखी लहान करत गेलं की उत्तर २.३०३ वर स्थिरावतं. हाच तो आकडा!

एका बिंदूवरचा चढ कळला की सगळ्या वक्राचा कळतो, कारण घात वाढवणं म्हणजे गुणणं. क्ष मध्ये थोडी भर घातली की आधीच्या उंचीला तेवढ्या घाताने गुणलं जातं. म्हणून कुठेही चढ = तिथली उंची × २.३०३. उंची १० असेल तिथे चढ २३.०३. इथे अनेक जण 'क्ष खाली आणा, घात एकने कमी करा' हा क्षच्या घातांचा नियम लावतात. तसं केलं तर क्ष = ० ला चढ शून्य येईल, आणि आलेख तर तिथे सरळसरळ वर चढताना दिसतो. शंका आली की आलेखाकडे बघावं.

पाया १० ऐवजी २ घेतला तर शून्यापाशी चढ ०.६९३ येतो. ३ घेतला तर १.०९९. म्हणजे २ आणि ३ च्या मध्ये असा एक पाया असणार, जिथे चढ बरोबर १ असेल आणि गुणायचा आकडाच उरणार नाही. तो पाया २.७१८..., म्हणजे 'ई'. त्याच्या वक्राचा चढ उंचीइतकाच असतो.

लॉगचा आलेख म्हणजे हाच वक्र, आडवा आणि उभा अक्ष अदलाबदल करून. त्यामुळे चढही उलटा होतो. १० पायाच्या लॉगचा चढ १ भागिले (२.३०३ × क्ष), म्हणजे ०.४३४ भागिले क्ष. 'ई' पायाच्या लॉगचा नुसता १ भागिले क्ष.

हे तपासायला लॉग टेबल उघडा. उजवीकडच्या सरासरी फरकाच्या शेवटच्या, म्हणजे ९ च्या, रकान्यात १० च्या ओळीत ३७ च्या आसपासचा आकडा असतो आणि ९९ च्या ओळीत फक्त ४. का? ती ओळ १.०० ते १.०९ ची, म्हणून क्ष मधला १.०५ घ्या आणि पाऊल ०.००९. ०.४३४ × ०.००९ ÷ १.०५ म्हणजे ०.००३७. क्ष ९.९५ घेतला तर ०.०००४. वर्षानुवर्षं आपण ज्या रकान्यातून आकडे उचलून मिळवतो, तो रकाना म्हणजे लॉगच्या वक्राचा चढ आहे.

आता अभिक्रियेकडे येऊ. फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेत पदार्थ जितका शिल्लक, तितक्या प्रमाणात तो संपण्याचा वेग. 'चढ उंचीच्या प्रमाणात' हीच गोष्ट, फक्त उतरती. इंटिग्रेशन करताना १ भागिले क्ष येतो, त्यातून 'ई' पायाचा लॉग मिळतो. टेबल मात्र १० पायाचं, म्हणून रूपांतरासाठी २.३०३ ने गुणावं लागतं. पदार्थ निम्मा व्हायला किती वेळ, हा प्रश्न २ च्या पायाचा, म्हणून तिथे ०.६९३.

कॅल्क्युलेटरवर 'ई' पायाच्या लॉगचं बटण असेल तर २.३०३ लिहायची गरजच पडत नाही. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल वापरायचं असतं, म्हणून तो सूत्रात टिकून आहे.